डब्याची वाकळ

धर्मराजकाका आमच्या प्लांटमध्ये नेमके कोण, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. हजेरीपटावर ते ‘हेल्पर’ होते. प्रत्यक्षात ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत धूळ हाकलायचे.

हा प्लांट मक्याच्या बियाण्याचा. नवीन जालन्यापासून ऑटोनं पाऊण तासाच्या आत. शेतकऱ्यांच्या प्लॉटवरून ओली कणसं येतात, ती मोठमोठ्या बिनमध्ये, म्हणजे बंद कोठ्यांत, गरम हवेवर वाळतात, मग दाणे काढून, चाळून, औषध लावून पोत्यात जातात. मी तिथल्या प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासते. माझं नाव तृप्ती. माझं तोंड जरा फाटकं आहे असं आई म्हणते, आणि साहेबांचंही तेच मत आहे.

मका वाळवताना जो भुसा उडतो त्याची बाहेरच्या माणसाला कल्पना यायची नाही. डोळ्यात भुसा, केसात भुसा, दुपारी डबा उघडला की भाजीवर भुसा. हाच भुसा कॉम्प्युटरचे पंखे ओढून घ्यायचे आणि दर हंगामात एखादा कॉम्प्युटर ऐन गर्दीत मान टाकायचा. काका आधी हमाली करायचे. कमरेनं दगा दिल्यावर साहेबांनी त्यांच्या हातात ब्लोअर दिला आणि म्हणाले, कॉम्प्युटर मरू द्यायचे नाहीत. काकांनी ते शब्दशः मनावर घेतलं. रोज सकाळी ब्लोअर, दुपारी मऊ ब्रश आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकावर एक जुनं फडकं. पंख्याचा आवाज बदलला की म्हणायचे, “ह्याला दम लागून राह्यला.” आम्ही हसायचो, पण काका आल्यापासून कॉम्प्युटर मरायचे कमी झाले हे खरं होतं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास राधेश्याम साहेबांना, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरला, प्लांट ‘स्मार्ट’ करायची हुक्की आली. बिनची हवा, ती तापवणारा बर्नर, तापमान, सगळं एका नव्या कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचं ठरलं. नागसेन नावाचा तरुण इंजिनिअर तो घेऊन आला. कॉम्प्युटर कसला, लोखंडी विटेसारखा काळा डबा होता. वरच्या अंगाला नांगरलेल्या शेतासारख्या उभ्या पट्ट्या, कुठं छिद्र नाही, फट नाही, पंखा नाही.

“यात धूळ जातच नाही,” नागसेन म्हणाला. “कारखान्यांसाठीच बनवलेला आहे. धूळ, हादरे, ऊन, काही होत नाही याला.”

काकांनी डब्याला कान लावला. “आवाज न्हाई याचा. जित्तं हाय का मेलं, कळावं कसं?”

“हात लावून बघा काका.”

काकांनी पट्ट्यांवर तळहात ठेवला. डबा कोमट होता. “हां,” ते म्हणाले. “ऊन लागतंय.” आणि नवजात वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला.

“आता याची सफाई कशी करायची?”

“काहीच करायचं नाही. याला तुमची गरज नाही आता,” नागसेन हसत म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काकांचा चेहरा असा उतरला की मी माझ्या टेबलाकडे निघून गेले. तेवढ्यात साहेबांनी नागसेनला दुसरीकडे ओढलं आणि तो सांगता सांगता राहिला, की या डब्याचं अंग म्हणजेच त्याचा पंखा आहे, त्या पट्ट्यांमधूनच तो आपली उष्णता बाहेर टाकतो. मला स्वतःला हे फार पुढे कळलं.

त्याच दिवशी साहेबांनी आणखी एक शहाणपण केलं. जुन्या यंत्रणेत काट्याचा एक थर्मोस्टॅट होता. हवा ठरावीकपेक्षा जास्त तापली की तो बर्नर बंद पाडायचा. “दोन दोन डोकी कशाला?” म्हणत साहेबांनी तो काढायला लावला. नागसेन नको म्हणत होता. पण साहेबांपुढे कुणाचं चाललंय.

आता गिरिजाबाईंचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं. गिरिजाबाई ही काकांची धाकटी बहीण, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. जमीन थोडी पण चांगली, विहिरीची. दीर काकासाहेब म्हणत होता, बाईच्या जातीला शेती जमायची नाही, मला बटईनं दे. बटईनं एकदा गेलेलं रान भावकीतून परत येत नाही हे गिरिजाबाईंना पक्कं ठाऊक होतं. शेवटी चार माणसांत बसून ठरलं की एक हंगाम बाईनं करून दाखवायचा. पीक पदरात पडलं तर कुणी तोंड उघडायचं नाही, नाही पडलं तर रान काकासाहेबाकडे. काकांनी खटपट करून बहिणीला आमच्या कंपनीचा बियाण्याचा प्लॉट मिळवून दिला.

बियाण्याचा मका म्हणजे पोरखेळ नव्हे. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मादीच्या प्रत्येक झाडाचा तुरा, तो फुटायच्या आत, हातानं खुडावा लागतो, नाहीतर बियाण्यात भेसळ होते. गिरिजाबाई दिवस उगवायच्या आधी रानात असायच्या. पानांनी हात कापले, मान काळी पडली. आमचा फील्डचा माणूस, जो स्वतःच्या बायकोच्या स्वयंपाकालाही बरं म्हणत नाही, तो येऊन म्हणाला, “असा प्लॉट मी बघितला न्हाई.” काकांनी ते वाक्य प्लांटमध्ये निदान महिनाभर चालवलं.

कणसं दसऱ्याच्या तोंडावर आली. तेव्हा बाकीच्यांचा माल वाळत आला होता. काकांनी साहेबांचे हातपाय धरून बहिणीचा माल लगेच लहान बिनमध्ये भरून घेतला, ओला माल पडून राहिला तर तापतो म्हणून. त्या दिवशी गिरिजाबाईही आल्या होत्या. त्यांनी काचेतून तो काळा डबा बघितला. “ह्योच का माझा मका वाळिवणार?” म्हणाल्या आणि त्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी चाळणीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. काकांनी पिशवीतून एक वस्तू काढली. गिरिजाबाईंनी डब्यासाठी वाकळ शिवली होती. जुन्या साड्यांचे चौकोन, आत चांगले जाड थर, कडेला लाल गोट, आणि टाके असे बारीक की मोजावेत. काकांनी मागेच सुतळीला गाठी मारून डब्याचं माप घेऊन बहिणीकडे पाठवलं होतं. बाहेरून भुसा पडून त्या पट्ट्या भरतात, हे त्यांना बघवत नव्हतं. पंखा नाही म्हणजे याला वारा लागत नाही, मग झाकायला काय हरकत, असा त्यांचा सरळ हिशेब. आयुष्यभर पंख्यांची सेवा केलेला माणूस दुसरा काय हिशेब करणार?

हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि काकांनी देवाला वस्त्र घालावं तशी ती वाकळ डब्याला घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतः फोटो काढून प्लांटच्या ग्रुपवर टाकला. मीही त्याला बदाम पाठवला. पूजेतली वस्तू दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, हा आपला रिवाज. वाकळ तशीच राहिली.

दसऱ्याला प्लांटला सुट्टी. फक्त बर्नर चालू, कारण ओला माल सणवार ओळखत नाही. पोरांना घरी सण करू द्या म्हणून काकांनी दिवसभराची ड्युटी आपल्याकडे घेतली. पडद्यावर बिनच्या हवेचा आकडा होता एक्केचाळीस. एरवी तो जरा खाली, जरा वर असा हलत असतो. त्या दिवशी तो हललाच नाही. काकांना वाटलं पूजा पावली. मला त्यांनी फोनवर दसऱ्याचं सोनं दिलं आणि म्हणाले, “ताई, आज आकडा बिलकुल जागचा हालून न्हाई राह्यला. यंत्र खूश हाय.”

यंत्र खूश नव्हतं, यंत्र वाकळीखाली घुसमटून गोठलं होतं. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला आणि बर्नरला मिळालेला शेवटचा हुकूमही तसाच राहिला. हुकूम ‘चालू’चा होता. थांबवायला जुना थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. संध्याकाळी काका ओलावा बघायला लहान बिनचं दार उघडायला गेले तेव्हा भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तशी हवा त्यांच्या अंगावर आली. त्यांनी बर्नर हातानं बंद केला. धावत येऊन डब्याला हात लावला तर चटका बसला. वाकळ ओढून काढली, डबा बंद करून चालू केला. थोड्या वेळानं तो निमूट चालू झाला, जसं काही झालंच नव्हतं. नागसेन म्हणाला होता ते खोटं नव्हतं. डबा मोठा टिकाऊ होता.

वाळत आलेला माल अशी गरमी सोसतो. ओला माल सोसत नाही, त्यातला जीव जातो. मात्र मेलेलं बी आणि जिवंत बी दिसायला सारखंच. गिरिजाबाईंच्या मक्याचे दाणे काढले तेव्हा ते टपोरे, पिवळेधमक होते. हमाल म्हणाले, सोनं आहे सोनं.

नमुना माझ्याकडे आला. ओल्या कागदावर दाणे ओळीनं मांडायचे, वर दुसरा कागद, मग गुंडाळी करून उबदार कपाटात उभी ठेवायची. आठवड्यानं उघडायची. मधल्या दिवसांत आपल्या हातात काही नसतं. काका रोज दाराशी येऊन उभे राहायचे. “एकच उघडून बघा ना ताई.” मी म्हणायचे, “काका, मधे उघडलं तर चाचणी बिघडते.” ते मान हलवायचे आणि तिथंच उभे राहायचे. त्यांच्या हाताला काम नव्हतंच. दसऱ्याला काय झालं ते त्यांनी मला सांगितलं होतं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला जागाच सापडत नव्हती.

गुंडाळ्या उघडल्या तेव्हा काका माझ्या मागे होते. चांगल्या बियाण्याची गुंडाळी उलगडली की आत पांढऱ्या मुळ्यांची नुसती गर्दी असते. इथं दाणे जसे मांडले होते तसेच होते. पाणी पिऊन फुगलेले, ओळीत, गप्प. कुठं कुठं एखादी वाकडी मुळी. दुसरी गुंडाळी तशीच. मी नव्यानं नमुना मागवून चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

काका वाकळीची घडी हातात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले.

“साहेब, माझ्यामुळं झालं,” काका म्हणाले. “मी हे डब्यावर घातल्तं. डबा कोंडला. हवा तापली. माझ्या हातानं बहिणीचा मका मारला मी.”

साहेबांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर त्या दिवसाचा आलेख काढला. दिवसभर एक्केचाळीस अंश, एक सरळ रेघ. मधल्या वेळेचं डब्याकडे काही नव्हतंच. गोठायच्या आधीचा ठिपका आणि पुन्हा चालू झाल्यावर, हवा निवल्यानंतर, त्यानं धरलेला ठिपका, दोन्ही एक्केचाळीसवर, आणि त्यानं आपल्या अकलेनं दोघांमध्ये रेघ ओढून दिली होती.

“हे बघा काका. हवा तापलीच नव्हती. बिन बराबर चालला. बी शेतातूनच खराब आलं.”

“सर, ही रेघ खोटी आहे,” मी म्हणाले. “जिवंत आकडा इतका सरळ जातो का कधी? आणि काकांनी स्वतः दार उघडून बघितलंय.”

“तृप्ती मॅडम, तुमचं काम किती उगवलं ते सांगायचं. का नाही उगवलं ते शेतात जाऊन विचारायचं.”

“आणि तो थर्मोस्टॅट कुणी काढायला लावला?”

साहेबांनी आलेख बंद केला. मग काकांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, “काका, तुमच्यावर काही येणार नाही. नोकरी आहे तशी राहील. फडकं टाकल्यानं मका मेला म्हणून हेड ऑफिसला सांगितलं तर लोक हसतील. जा, आराम करा.”

“साहेब, काढून टाका ना मला,” काका हात जोडून म्हणाले. “पर तिच्या नावापुढं फेल नका लिहू. माझ्या नावापुढं लिहा.”

असा माणूस मी पाहिला नव्हता, गुन्हा पदरात घ्या म्हणून गयावया करणारा. आणि घेणारा कुणी नव्हता. काकांची चूक कबूल केली की साहेबांची चूक तिच्यामागोमाग उभी राहणार होती, म्हणून काकांना चूक करायचीही परवानगी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर जो स्वतःहून हात पुढे करत होता त्यालाही सोडलं आणि पिंपळगावच्या बाईला धरलं.

मी नागसेनला फोन केला. तेव्हा त्यानं मला अंगच पंखा असल्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, “ताई, डबा का गोठला ते मी साहेबांना तोंडी सांगितलंय. लेखी द्यायला आमचा मालक नको म्हणतोय. ते आमचं गिऱ्हाईक आहेत.” मी हेड ऑफिसला मेल केला. चौकशीसाठी तो राधेश्याम साहेबांकडेच परत आला. ग्रुपवरचा खंडेनवमीचा फोटो तोवर पुसला गेला होता, आणि माझ्या फोननं तो कधी उतरवूनच घेतला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

दिवाळीआधी गिरिजाबाई आल्या. माल नापास झाल्याचा निरोप त्यांना गेला होता. आधी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला, रेघ दाखवली, समजावलं. मग त्या प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या. काका माझ्याजवळच होते. सकाळपासून मला सांगत होते, “आज सांगून टाकतो तिला. काय बी होवो.”

गिरिजाबाईंनी उलगडलेली गुंडाळी बघितली. एक दाणा उचलला, चिमटीत दाबला. “पाणी तर प्यालाय,” त्या म्हणाल्या. “मंग उठला का न्हाई?”

मी दुसरी गुंडाळी उलगडून त्यांच्यापुढे ठेवली.

“माझ्याकडूनच एखादा तुरा राह्यला आसंल.”

“नाही हो ताई,” मी म्हणाले. “तुऱ्याचा आणि उगवणीचा काही संबंध नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.”

“काई तरी चुकल्याबिगर आसं व्हतं का?” त्यांनी दाणा होता तिथं नीट ठेवला. “काकासाहेब भावजींला सांगून आले. रान घ्या म्हणून. चार माणसांत कबूल केल्तं मी.”

“गिरजे,” काका म्हणाले. “तुझं काय बी चुकलं न्हाई. डब्यानं दगा दिला. मशीनचं चुकलं.”

“न्हाई दादा. साहेबांनी दाखिवलं मला. अशी सरळ रेघ व्हती. मशीननं बराबर काम केलं.” त्यांनी भावाच्या हाताला धरलं. “तू लहानपणापासून आसाच. माझ्यासाठी सगळ्या गावाशी भांडशील, मंग मशीन काय घेऊन बसलास.”

काका बोलायला तोंड उघडत होते. आता सांगतील, असं मला वाटलं. मलाही ओठावर आलं होतं. तेवढ्यात गिरिजाबाईंना काहीतरी आठवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

“दादा, ती वाकळ बसली का रे बराबर? सुतळीवरनं माप घेतल्तं, मला घोर व्हता. थर जरा जास्तच घातले मी.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. खरं सांगायचं म्हटलं तर आता बहिणीच्याच वाकळीनं डबा कोंडला, हे तिच्या टाक्यांसकट सांगावं लागणार होतं. मी मान खाली घातली.

“बसली,” काका म्हणाले. “बिलकुल मापात बसली.”

“मंग राहू दे त्याच्या आंगावर,” गिरिजाबाई म्हणाल्या. “आता थंडीचे दिवस येऊन राह्यले.”

काकांनी मान हलवली, बहिणीची पिशवी उचलली आणि तिला ऑटोपर्यंत सोडायला गेले.